आजच्या जाझमधल्या कुठल्या ट्यून टिकतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सोलापुरात गिटार शिकताय, जाझच्या नोटेशनच्या पुस्तकातून 'ऑटम लीव्ह्ज', 'ब्लू बोसा' वगैरे बसवलंय, आणि पुस्तक चाळताना लक्षात आलं की त्यातलं जवळपास सगळं १९७०च्या आसपास येऊन थांबतं. आजचे वादक तुम्ही ऐकता, ते अफाट वाजवतात, पण त्यांच्या ट्यून दुसरं कुणी वाजवताना दिसत नाही. मग जाझमध्ये टिकाऊ गाणी बनायची थांबली का? आणि थांबली असतील तर जुनीच घोकत बसायचं का?

मी कीबोर्ड वाजवते. आधी ऑर्केस्ट्रांमधून हिंदी-मराठी गाणी, मग पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत जाझ, आणि आता इथे सोलापुरात पियानो आणि हार्मनी शिकवते. रविवारी संध्याकाळी माझ्याकडे काही वादक जमतात आणि आम्ही एकत्र वाजवतो. जे सांगते आहे ते या सगळ्यातून आलेलं आहे. बनतात, असं माझं उत्तर आहे. कमी बनतात, सावकाश बनतात, आणि पूर्वीच्या वाटेने येत नाहीत.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. आज चांगल्या ट्यून लिहिल्या जातात का, हा एक. लिहिणाऱ्याच्या बँडबाहेर त्या कुणी वाजवतं का, हा दुसरा. पहिल्याबद्दल मला शंकाच नाही, आज अतिशय सुंदर लिहिलं जातं. अडचण सगळी दुसऱ्यात आहे. चार अनोळखी वादक स्टेजवर चढले, एकाने ट्यूनचं नाव घेतलं, पट्टी सांगितली, आणि तालीम न करता चौघांनी सुरू केलं, हे जिच्या बाबतीत जमतं ती ट्यून स्टँडर्ड. म्हणजे ती किती चांगली आहे यापेक्षा ती किती जणांच्या हातात बसली आहे, यावर सगळं ठरतं. ते ठरवणं संगीतकाराच्या हातात नसतं.

'ऑल द थिंग्ज यू आर' घ्या. जेरोम कर्न यांनी १९३९ मध्ये 'व्हेरी वॉर्म फॉर मे' या ब्रॉडवेच्या संगीत नाटकासाठी ती चाल केली, शब्द ऑस्कर हॅमरस्टीन यांचे. नाटक ५९ प्रयोगांत बंद पडलं. पण त्या गाण्याच्या कॉर्ड्स, म्हणजे चालीखाली एकत्र वाजणारे सूर, एका पट्टीत स्थिर राहत नाहीत, ए फ्लॅटवरून सी, मग ई फ्लॅट, मग जी, मग ई, आणि पुन्हा घरी, अशा फिरतात. इंप्रोवाइज करणाऱ्याला, म्हणजे आयत्या वेळी सूर रचत वाजवणाऱ्याला, असा रस्ता मिळाला की तो सोडत नाही. नाटक विसरलं गेलं आणि गाणं वादकांनी उचललं. 'बॉडी अँड सोल' १९३०चं. कोलमन हॉकिन्स यांनी १९३९ मध्ये सॅक्सोफोनवर ते रेकॉर्ड केलं, त्यात मूळ चाल ते सुरुवातीला जेमतेम दाखवतात आणि पुढे सगळं स्वतःचं वाजवतात. त्यानंतर प्रत्येक टेनर वादकाला या गाण्याला सामोरं जावंच लागलं. गाणं आणि ते रेकॉर्डिंग यांच्यात नऊ वर्षं गेली होती. 'ऑटम लीव्ह्ज' ही जोसेफ कोस्मा यांची १९४५ची चाल, मूळ गाणं फ्रेंच. तुम्ही जे रेकॉर्डिंग ऐकून ती शिकला असाल, कॅननबॉल अ‍ॅडरली आणि माइल्स डेव्हिस यांचं, ते १९५८चं आहे. म्हणून २०१५ किंवा २०२० मधल्या ट्यूनवर आज निकाल देऊन टाकणं मला घाईचं वाटतं.

पण नुसता काळ जाऊन भागत नाही, हेही खरं. जुन्या गाण्यांना जी सोय होती ती आता नाही. ती गाणी नाटक, सिनेमा, रेडिओ आणि नाचाचे हॉल यांतून आली होती, म्हणजे श्रोत्याला आधीच पाठ होती. वादकाने कुठे वाकवलं, कुठे बदललं, हे समोरच्याला लगेच कळायचं. शिवाय बहुतेक गाणी ३२ मात्रांच्या नव्हे, ३२ बारच्या (बार म्हणजे ठराविक मात्रांचा एक गट) साच्यात बसणारी, आठ-आठ बारचे चार तुकडे. साचा ओळखीचा असला की नवं गाणं पटकन हाताखाली येतं. पुढे लोकप्रिय संगीत रॉककडे वळलं. तिथे गाण्याचा जीव कॉर्ड्सच्या हालचालीपेक्षा ठेक्यात, आवाजात आणि स्टुडिओतल्या ध्वनीत जास्त होता. जाझला कच्चा माल पुरवणारा तो जुना झरा आटला.

तोपर्यंत जाझवाले स्वतःच लिहायला लागले होते. आधी जुन्या कॉर्ड्सवर नव्या चाली: गर्शविन यांच्या १९३०च्या 'आय गॉट रिदम'च्या कॉर्ड्सवर 'अँथ्रोपॉलॉजी' आणि 'ओलिओ' उभ्या आहेत. 'हाउ हाय द मून'वर 'ऑर्निथॉलॉजी'. कॉपीराइट चालीला मिळतो, कॉर्ड्सच्या मालिकेला सहसा मिळत नाही, त्यामुळे हे व्यवहारालाही सोयीचं होतं. मग कॉर्ड्सही स्वतःच्या आल्या. केनी डॉरम यांची 'ब्लू बोसा' सोळा बारची, सी मायनरमधून मध्येच डी फ्लॅटला जाऊन परत येणारी. १९६३ मध्ये जो हेंडरसन यांच्या 'पेज वन' या अल्बमवर ती आली. म्हणजे तिची पहिली ओळखच दुसऱ्याच्या अल्बममधून झाली. वेन शॉर्टर यांची 'फूटप्रिंट्स' १९६६ मध्ये त्यांनी स्वतः रेकॉर्ड केली, आणि त्याच वर्षी माइल्स डेव्हिस यांच्या बँडनेही केली, ज्यात शॉर्टर होतेच. तेव्हा हेच वादक आज याच्या बँडमध्ये, उद्या त्याच्या रेकॉर्डिंगला असायचे. ट्यून आपोआप फिरायची.

आता तुमच्या हातातल्या पुस्तकाबद्दल. १९७०च्या दशकाच्या मध्यात बॉस्टनच्या बर्कली कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांनी हाताने नोटेशन लिहून 'द रिअल बुक' तयार केलं. परवानगी नव्हती, झेरॉक्स काढून गुपचूप विकलं जायचं. हाल लिओनार्ड या प्रकाशनाने परवानग्या घेऊन २००४ मध्ये ते अधिकृतपणे काढलं. तोवर जगभरच्या वादकांनी त्याच पानांवरून जाझ शिकून घेतलं होतं. त्यात ब्रॉडवेची गाणी आहेत, थेलोनियस मंक आणि शॉर्टर आहेत, आणि त्या विद्यार्थ्यांच्या आसपास वावरणाऱ्या स्टीव्ह स्वॉलो, चिक कोरिया अशा तेव्हाच्या नव्या माणसांच्या ट्यूनही आहेत. त्या वेळच्या एका शहरातल्या तरुणांची आवड अशी जगाची यादी होऊन बसली. माझं स्पष्ट मत आहे की 'सत्तरनंतर काही झालंच नाही' हा तुमचा समज निम्मा त्या पुस्तकामुळे झालाय. यादी तिथे थांबली, म्हणून संगीत थांबल्यासारखं दिसतं.

उरलेलं निम्मं कारण मात्र संगीतातच आहे, आणि त्यावर थोडं थांबते. सत्तरनंतर जाझचे संगीतकार बँडसाठी लिहायला लागले. ठराविक बासवादक, ठराविक ड्रमर, त्यांचं एकमेकांशी जमलेलं, आणि त्यांच्या हातांना बसेल असं लेखन. बासची लाइन नोट-न्-नोट लिहिलेली, मधे सात मात्रांचे बार, मग एक बार पाचचा, ड्रमसाठी ठरलेले ठोके. ऐकायला थरारक असतं. पण ती ट्यून त्या बँडपासून सुटी करता येत नाही. माझ्याकडे एका विद्यार्थ्याने अशी एक सातच्या मात्रेची ट्यून आणली होती. सोलापूरच्या पूर्व भागातला आमचा ड्रमर, घरी यंत्रमाग असलेला, लयीला पोलादासारखा पक्का, त्याने ती घरी बसून घोटली आणि आम्ही ती छान वाजवली. पुढे एकदा त्याच्याऐवजी दुसरा ड्रमर आला आणि ती ट्यून उभीच राहिली नाही. त्याच संध्याकाळी त्याच नव्या ड्रमरबरोबर 'फूटप्रिंट्स' पहिल्या फेरीत जमली. तीही सहाच्या मात्रेत आहे, तशी सरळ नाही. पण आतला सांगाडा मायनर ब्लूजचा, म्हणजे बारा बारच्या एका ठरलेल्या साच्याचा आहे, आणि ब्लूज सगळ्यांना येतो.

ख्याल ऐकणाऱ्यांना हे लवकर पटेल. बंदिश किती लहान असते! स्थायी, अंतरा, चार ओळी. सदारंगांच्या बंदिशी अठराव्या शतकातल्या, आजही गायल्या जातात, कारण प्रत्येक गायकाला त्यात स्वतःचं गाणं मांडायला जागा आहे. बंदिशीने सगळंच सांगून टाकलं तर गायकाने काय करायचं? आणि नवी बंदिश रुळली हे कधी म्हणायचं, तर रचनाकाराच्या शिष्यांबाहेरचं कुणी ती मैफलीत गायला लागलं की. जाझच्या ट्यूनचंही असंच आहे.

तर आता ज्या नव्या ट्यून रुळल्या आहेत, त्यांच्याकडे या नजरेने बघा. पहिलं नाव निर्विवाद: रॉय हारग्रोव्ह यांची 'स्ट्रासबूर सेंट डेनी', २००८च्या 'इअरफूड' अल्बममधली. पॅरिसमधल्या त्याच नावाच्या भागावरून नाव दिलंय. आज कुठल्याही देशातल्या जॅममध्ये, म्हणजे तालमीशिवाय एकत्र वाजवण्याच्या बैठकीत, तरुण वादक असतील तर ही ट्यून निघतेच निघते. पायाशी बासची एक चाल परत परत फिरते, वर ट्रंपेट-सॅक्सोफोनची गुणगुणता येईल अशी ओळ, मोजक्या कॉर्ड्स. कागद न बघता शिकवता येते. आणि सोलो कितीही लांबवला तरी खालचा ठेका थकत नाही. हारग्रोव्ह २०१८ मध्ये गेले, अवघे ४९ वर्षांचे होते. ट्यून त्यांच्यावाचून व्यवस्थित चालू आहे, आणि मला वाटतं हाच तिचा सगळ्यात मोठा पुरावा.

दुसरी कार्ला ब्ले यांची 'लॉन्स', १९८७च्या 'सेक्स्टेट' अल्बमवरची. ही एकदम उलट्या स्वभावाची. संथ, जवळजवळ काहीच न घडणारी, सुरांमध्ये मोकळ्या जागा. ती आली तेव्हा लगेच सगळ्यांनी उचलली असं नाही. अलीकडच्या काळात तरुण पियानोवादक आणि गिटारवाले तिच्याकडे वळले आणि आता ती सर्रास ऐकू येते. आमच्याकडे वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक काका येतात. नोटेशन वाचत नाहीत, पण कान असा की दोनदा ऐकलेलं तिसऱ्यांदा वाजतं. लग्नसराईत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, पावसाळ्यात मात्र नेमाने येतात. त्यांनी 'लॉन्स' एका बैठकीत कानाने घेतली, आणि त्यात त्यांनी जे सूर लांबवले ते ऐकून आमच्यातला कुणीही काही बोलला नाही, सगळे पुढची फेरी सुरू व्हायची वाट बघत राहिले. बॉस्टन-न्यूयॉर्कपासून इतक्या लांब, कार्ला ब्ले हे नाव न ऐकलेल्या माणसाच्या हातात ती ट्यून बसली. माझ्या लेखी ती स्टँडर्ड झाली.

यादी मुद्दाम बदलायचे प्रयत्नही चालू आहेत. ड्रमर टेरी लिन कॅरिंग्टन यांनी २०२२ मध्ये 'न्यू स्टँडर्ड्स' हे पुस्तक काढलं, स्त्री संगीतकारांच्या १०१ ट्यूनची नोटेशनं असलेलं. जुन्या पुस्तकात बायकांच्या रचना अगदी मोजक्या होत्या, त्याला हे उत्तर. त्यातलं सगळं जॅममध्ये चालेल असं नाही, काही रचना अवघड आहेत. पण एका पुस्तकाने यादी गोठवली होती, तर दुसऱ्या पुस्तकाने ती सैल होऊ शकते, हे मला तर्काला धरून वाटतं. माझ्या विद्यार्थिनींना मी ते चाळायला लावते.

मग पॉप गाण्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. जुनं जाझ लोकप्रिय गाण्यांतूनच आलं, तर आजच्या लोकप्रिय गाण्यांतून का येऊ नये? हर्बी हँकॉक यांनी १९९६ मध्ये नेमकं हेच करून पाहिलं. 'द न्यू स्टँडर्ड' या अल्बमवर बीटल्स, प्रिन्स, निर्वाणा यांची गाणी आहेत. वादन उच्च दर्जाचं. पण हँकॉक यांनी त्या गाण्यांच्या कॉर्ड्स इतक्या बदलल्या की ती मांडणी त्यांची झाली, सामायिक झाली नाही. दुसऱ्याने तेच गाणं घेतलं तर त्याला पुन्हा नव्याने मांडणी करावी लागते. ब्रॅड मेलडाउ रेडिओहेडची गाणी पियानोवर वाजवतात, तिथेही ऐकणाऱ्याला मोह मेलडाउंच्या डाव्या हाताचा पडतो. चार अनोळखी माणसं जिथे भेटतील असं सामायिक रूप त्या गाण्यांना अजून मिळालेलं नाही. बीटल्सच्या काही गाण्यांना मिळालंय, स्टीव्ही वंडरच्या काहींना मिळालंय, आणि त्या दोघांच्या गाण्यांत कॉर्ड्स हलतात, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे मात्र वेगळी गंमत आहे, आणि सोलापुरातल्या वादकाने ती सोडू नये. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आफ्रिकी-अमेरिकी वादकांचे बँड वाजवत होते. गोव्याचे वादक त्यांच्याकडून शिकले आणि पुढे तेच लोक हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत गेले. चिक चॉकलेट हे ट्रंपेटवादक सी. रामचंद्र यांचे सहायक होते. १९५१च्या 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' ऐका, जाझच्या बँडचा तो रंग लपत नाही. आणि आपल्याकडे सामायिक यादी हीच आहे. इथल्या हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहातल्या ऑर्केस्ट्राचा कीबोर्डवाला आणि वरातीतला क्लॅरिनेटवाला यांची ओळख नसली तरी पन्नास-साठच्या दशकातलं एक गाणं ते लगेच एकत्र वाजवतील, मुखडा-अंतरा-म्युझिक सकट. स्टँडर्डला जे लागतं ते सगळं तिथे आहे. फक्त अंतऱ्याच्या कॉर्ड्सवर फेरीमागून फेरी इंप्रोवाइज करायची सवय आपण लावून घेतलेली नाही. आम्ही रविवारी ती लावतो आहोत. काही गाण्यांत कॉर्ड्स फार थोड्या असतात आणि सोलो दुसऱ्या फेरीतच रिकामा पडतो, काहींत अंतऱ्याला असं वळण निघतं की अर्धा तास कसा गेला कळत नाही. कुठलं कसं निघेल हे वाजवल्याशिवाय सांगता येत नाही.

इथवरचं एका दमात: चांगल्या ट्यून आजही लिहिल्या जातात. त्यातल्या बहुतेक त्यांच्या बँडशी बांधलेल्या असतात. ज्या सुट्या होतात, आखूड असतात, कानाने शिकवता येतात आणि सोलोला जागा ठेवतात, त्या फिरतात आणि रुळतात. जुन्या पुस्तकाने यादी एका काळात गोठवली म्हणून त्या कमी दिसतात.

आता तुम्ही काय शिकायचं. हे तुम्हाला काय करायचंय त्यावर अवलंबून आहे. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन तिथल्या जॅममध्ये अनोळखी लोकांबरोबर वाजवायचं असेल, पुढे मुंबई-गोव्याला, तर जुनी यादी टाळता येणार नाही. ब्लूज, 'आय गॉट रिदम'च्या कॉर्ड्स, 'ऑटम लीव्ह्ज', 'ऑल द थिंग्ज यू आर', 'ब्लू बोसा', एखादी बॅलड, म्हणजे संथ गाणं. तिथे कुणी तुमच्यासाठी थांबत नाही. पण इथेच मित्रांबरोबर बँड उभा करायचा असेल, तर या यादीच्या बरोबरीने नवं आणायला सुरुवात आत्ताच करा, सगळं जुनं संपेपर्यंत थांबू नका. जुनी यादी संपत नसते.

नवी ट्यून निवडताना मी काय बघते ते सांगते. आधी कागद बाजूला ठेवून ती समोरच्याला कानाने शिकवून बघते. एका बैठकीत मुख्य ओळ बसली नाही तर ती सध्या बाजूला ठेवते. मग ठेका बदलून बघते, स्विंगची (जाझचा झुलता ठेका) बोसामध्ये (ब्राझीलकडचा ठेका), बोसाची संथ. चाल तग धरते का? मग वाद्य बदलून बघते, गिटारची ओळ क्लॅरिनेटला देते. आणि शेवटी काहीच करत नाही. महिना-दोन महिने मी त्या ट्यूनचं नाव काढत नाही. तेवढ्या काळात दुसऱ्या कुणी आपणहून 'ती घेऊ या का' म्हटलं, तर ती आमच्या यादीत जाते. नाही म्हटलं तर मला ती कितीही आवडो, जात नाही.

तुम्ही स्वतः लिहीत असाल, आणि तुमच्या प्रश्नाच्या सुरावरून मला वाटतं लिहीत असाल, तर तुमची ट्यून स्वतः वाजवण्याआधी दुसऱ्याला द्या. चाल आणि कॉर्ड्स एका पानावर मावतील एवढंच लिहा, ठोके आणि बास त्यांचं त्यांना ठरवू द्या, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐका. कुठे चाल त्यांच्या हातातून निसटते, कुठे त्यांना नवंच काही सुचतं, हे तुम्हाला तिथे बसूनच कळेल.

सुरुवात 'स्ट्रासबूर सेंट डेनी'ने करा. गिटारला हात लावण्याआधी बासची चाल तोंडाने म्हणता यायला हवी, टाळी देत, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ती पक्की झाली की वरची ओळ गा, मग वाजवा. सोलोला पहिल्या दिवशी तीन-चार सुरांपलीकडे जाऊ नका. ड्रमर मिळाला नाही तर ढोलकीवाला चालेल, फक्त त्याला आधीच सांगून ठेवा की मधे उठाव घ्यायचा नाही, ठेका सपाट ठेवायचा.